उतरायचे कुठे?

आमच्या आजोबांच्या काळी हा प्रश्न कुणाला पडत नसे. नाशिकला जा, त्र्यंबकला जा, गाडीतून उतरल्याबरोबर उपाध्ये पुढे होत, "आडनाव काय आपलं? मूळ गाव कुठलं?" एवढे दोन प्रश्न विचारीत आणि घरी नेऊन जुन्या वहीतली पणजोबांची मोडीतली सही दाखवीत. सही सापडली की आपली वळकटी त्यांच्या ओटीवर पसरलीच म्हणून समजा. काशीलाही तोच रिवाज. पंढरपूरला तर एकेका माडीवर वारकऱ्यांच्या तीन-तीन पिढ्या उतरलेल्या. जागा निवडायची नसे. ती वडिलोपार्जित जमिनीसारखी चालत येई.

इटलीत आमचे उपाध्ये नाहीत. तिथे जायचे ठरले आणि मी मोबाईल उघडून बसलो, तर एकट्या रोम शहरात हजारो खोल्या माझी वाट पाहत असलेल्या! प्रत्येक खोलीच्या फोटोत खिडकीबाहेर एक घुमट, प्रत्येक पलंगावर टॉवेलांचे दोन राजहंस, आणि प्रत्येक जागा 'सगळ्यापासून दहा मिनिटांवर'. सगळेच सगळ्यापासून दहा मिनिटांवर असेल तर शहर केवढे असावे, हा गणिताचा प्रश्न मी काही दिवस सोडवीत होतो.

२०२४ च्या जूनमध्ये आम्ही तिघे निघालो. मी, आमची सौ. आणि माझी आत्या. आत्या पंचाहत्तरीची. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली. डोके शाबूत, जीभ त्याहून शाबूत, गुडघे मात्र दोन्ही रुसलेले. "तीस वर्षं मी पोरांना युरोपातलं प्रबोधन शिकवलं," ती म्हणाली, "एकदा ते कुठं झालं तेवढं दाखव मला, मग मी काही मागणार नाही." असे म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस असा दहा दिवसांचा बेत ठरला.

"प्रवासी कंपनीबरोबर का जात नाही?" असे शेजाऱ्यांनी विचारलेच. कंपनीबरोबर गेले की वरणभात मिळतो, बॅगा कुणीतरी उचलतो आणि हरवलेल्या माणसाची मोजदाद होते, हे सगळे खरे आहे. त्याची किंमत मी कमी लेखीत नाही. पण मोठी बस या जुन्या शहरांच्या गाभ्यात शिरू शकत नाही. तिला उभे राहायला आवार हवे, चाळीस माणसांना एका वेळी न्याहारी मिळेल असे हॉटेल हवे, आणि ते परवडायलाही हवे. असे हॉटेल शहराबाहेर हमरस्त्याकाठीच मिळते. मग सकाळी आठला निघायचे, दहाला शहरात पोचायचे, संध्याकाळी सहाला परतायचे. म्हणजे ऊन आणि गर्दी या दोघांचे राज्य ज्या तासांत असते, नेमके तेच तास आपल्या वाट्याला. हे मला निघण्यापूर्वी ठाऊक होते असे मात्र समजू नका. दहा दिवसांत पाय भाजले तेव्हा कळले.

रोममध्ये आम्ही सुदैवी ठरलो, आणि तेही सौ.च्या काटकसरीमुळे. रोममध्ये पुष्कळ मठांनी आपल्या इमारतीचा काही भाग प्रवाशांसाठी ठेवलेला आहे. जोगिणी चालवतात, भाडे बेताचे असते, खोल्या स्वच्छ. आम्हाला व्हॅटिकनजवळच्या प्राती भागात अशी जागा मिळाली. भुयारी रेल्वेचे ओत्ताव्हियानो स्टेशन चालत सात-आठ मिनिटांवर. खोलीत लोखंडी खाटा, भिंतीवर क्रूस, एक टेबल, एक खुर्ची. टॉवेलांचे राजहंस नाहीत. रात्री अकराला दार बंद! मी जरा कुरकुरलो. आत्या मात्र पहिल्या क्षणी खूश झाली. "धर्मशाळा आहे रे ही," ती म्हणाली, "माणसं कशी आहेत बघ. विचारपूस करतात, पण चौकशा करीत नाहीत."

लिफ्ट होती, कपाटाएवढी. दोन माणसे आत शिरली की त्यांची ओळख नसली तर व्हावी अशी. पण होती. आणि खिडक्यांना बाहेरून हिरव्या लाकडी झडपा होत्या. म्हाताऱ्या सिस्टरनी हातवारे करून आम्हाला शिकवले: ऊन चढू लागले की झडपा लावा, रात्री सताड उघडा. आपल्याकडच्या वाळ्याच्या पडद्यांचीच ही बहीण. रोमन माणूस उन्हाशी लढत नाही, दार लावून घेतो.

पहिल्या दिवशी आम्ही दुपारी बारालाही रस्त्यावर होतो. २०२५ च्या ज्युबिलीसाठी शहराची डागडुजी चाललेली, जागोजाग रस्ते उकरलेले. दर पंचवीस वर्षांनी कॅथॉलिक यात्रेकरूंचा हा मोठा मेळा भरतो; आपल्याकडे सिंहस्थाच्या आधी नाशिकला जी धांदल असते तीच. स्पॅनिश पायऱ्यांपाशी आत्या दमून टेकली. तोच शिट्टी वाजली. त्या पायऱ्यांवर बसायला २०१९ पासून मनाई आहे, दंड होतो. "मग पायऱ्या बांधल्या कशाला?" आत्याने मराठीत विचारले. शिपायाला मराठी येत नव्हते, पण प्रश्न बहुधा समजला असावा. त्याने बोटाने रस्त्याकडेचा नळ दाखवला. रोममध्ये असे लोखंडी, वाकड्या नाकाचे नळ सुमारे २,५०० आहेत. अहोरात्र वाहतात, पाणी गार आणि पिण्याजोगे. त्यांना तिथले लोक 'मोठे नाक' अशा अर्थाच्या नावानेच ओळखतात. बाटलीचे पाणी विकत घेणे हा रोममध्ये शुद्ध उधळेपणा आहे.

त्या दिवसापासून आम्ही दिवस दोन तुकड्यांत कापला. पहाटे साडेसहाला बाहेर, बाराच्या आत परत. मठाच्या जवळच त्रिओन्फाले नावाची मोठी मंडई आहे. तिथून चेरी, पीच, टोमॅटो, पाव आणायचा, खाऊन झडपा लावून झोपायचे. साडेचारला उठून चहा, आणि मग जूनमधला रोमचा तो लांबलचक उजेड जवळजवळ नऊपर्यंत आपलाच. दुपारच्या वेळी ज्या चौकात माणसाला माणूस खेटलेले असे, तिथेच सकाळी सातला झाडूवाला, दोन कबुतरे आणि आम्ही.

मुक्कामाची जागा कशी पारखायची याचे माप मला तिथे सापडले. ते अंतराचे नव्हे आणि भाड्याचेही नव्हे. दुपारी जेवून वामकुक्षीला परत येता येते का, एवढेच पाहायचे. येत असेल तर जागा जवळ. येत नसेल तर ती फुकट मिळाली तरी लांब.

पण शहाणपण सापडले तोवर पुढच्या दोन्ही शहरांतल्या खोल्या घरबसल्या ठरवून पैसे भरून झाले होते.

फ्लॉरेन्सला आम्ही सबंध बिऱ्हाड भाड्याने घेतले होते, सान्ता क्रोचे चर्चजवळ. सौ.चा विचार असा की चूल हाताशी असली की आत्याला भात मिळेल. विचार चांगलाच होता. जाहिरातीत लिहिले होते 'दुसरा मजला'. आम्ही हिशेब केला, दुसरा मजला म्हणजे चाळीस पायऱ्या. आत्या म्हणाली, चढेन सावकाश. आता फ्लॉरेन्सची जुनी घरे म्हणजे काय, तर तळमजला दोन पुरुष उंच, त्यावर अर्धा पोटमजला, तो मोजायचा नाही; मग पहिला मजला, तोही हत्ती उभा राहील असा. सौ.ने मोजल्या, अठ्ठ्याहत्तर पायऱ्या. दगडी, मध्ये झिजलेल्या, आणि कठडा एकाच बाजूला.

पण पायऱ्या पुढची गोष्ट, आधी दार उघडायला हवे होते. मालक नव्हता, मालकाचा माणूस नव्हता. दाराशेजारच्या गजाला आकड्यांची एक छोटी पेटी टांगलेली, तिच्यात किल्ली. त्याच गजाला अशा आणखी अकरा पेट्या, गुरांच्या गळ्यातल्या घंटा एका खुंटीला अडकवाव्यात तशा. मोबाईलवर आलेले आकडे फिरवले, पेटी ढिम्म. फोन केला तर यंत्र बोलले. तीन वाजताचे ऊन, समोर गल्लीत सावलीची पट्टी दोन हात रुंद, तिच्यात सूटकेसवर बसलेली आत्या. पाऊण तासाने कुणा मुलीचा फोन आला, आकडे गेल्या पाहुण्यांचे पाठवले गेले होते म्हणे. समोरच्या चांभाराच्या दुकानातला म्हातारा एवढा वेळ आमच्याकडे पाहत होता. त्याने आत्यासाठी खुर्ची आणली, पाणी आणले. हे बिऱ्हाड कुणाचे, असे मी खुणेने विचारले तर त्याने खांदे उडवले. त्या दारात कोण येते नि कोण जाते हे समोर बसणाऱ्यालाही ठाऊक नव्हते.

फ्लॉरेन्स टेकड्यांच्या कुशीत वाटीच्या तळाशी बसल्यासारखे आहे. वारा फिरकत नाही. उन्हाळ्यात पारा पस्तिशी ओलांडतो, आणि दिवसभर तापलेला दगड रात्रभर ती ऊब परत करीत राहतो. बिऱ्हाडातले थंड हवेचे यंत्र बैठकीच्या खोलीत एकच. आम्ही तिघे गाद्या ओढून तिथेच झोपलो. इतिहास शिकवलेल्या बाईला ज्याच्यासाठी आणले तो मायकेल अँजेलोचा डेव्हिड सकाळी पहिल्याच वेळेला पाहून झाला. ती त्याच्यासमोर अर्धा तास उभी होती, आणि गुडघ्यांचे नावही तिने काढले नाही. मात्र त्या अठ्ठ्याहत्तर पायऱ्या दिवसातून दोनदा चढणे तिच्याने होणार नव्हते. म्हणून दुपारी परत यायचे तर संध्याकाळ सोडायची, आणि संध्याकाळ हवी तर दुपार रस्त्यावर काढायची. दुसऱ्या दिवशी तिने दुपार निवडली. नदीपलीकडच्या टेकडीवरून सूर्यास्त पाहायला मी आणि सौ. दोघेच गेलो. सूर्यास्त चांगला होता. आम्ही तो फारसा पाहिला नाही.

पुन्हा गेलो तर फ्लॉरेन्समध्ये मी दोनच ठिकाणांचा विचार करीन. एक, आर्नो नदीच्या पलीकडचा ओल्त्रार्नो भाग, जिथे अजून सुतार, चौकटी करणारे, चामड्याचे कारागीर काम करतात आणि संध्याकाळी चर्चच्या पायऱ्यांवर गावचीच माणसे बसतात. तिथले एखादे लिफ्टवाले लहान हॉटेल. नाहीतर सरळ फिएसोले. शहराच्या डोक्यावर, सुमारे ३०० मीटर उंचीवरचे हे टुमदार गाव. सात नंबरची बस तिथे जाते. दुपारी परतायला थोडे लांब पडते हे कबूल, पण रात्री वारा लागतो. आणि स्टेशनजवळ उतरू नये हा आपल्याकडचा वडिलांचा उपदेश फ्लॉरेन्सला लागू करू नये. तिथे स्टेशनपासून मोठे चर्च चालत दहा मिनिटांवर आहे, खरोखरची दहा मिनिटे.

त्या पेट्यांचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. जुन्या गावठाणात प्रवाशांसाठी नवी बिऱ्हाडे काढायला फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेने २०२३ मध्येच बंदी केली होती. २०२५ च्या सुरुवातीला तिने तिथल्या किल्ल्यांच्या पेट्याही भिंतींवरून उतरवायला लावल्या. मला मनापासून बरे वाटले.

व्हेनिस.

इथे मी शहाणपणाने, म्हणजे बचतीने, मेस्त्रेला खोली घेतली होती. मेस्त्रे हे व्हेनिसच्या समोर, पुलाच्या अलीकडचे, मुख्य भूमीवरचे शहर. १९२६ पासून नगरपालिका एकच. साधे, कामाचे, इमारतींचे शहर. बेटावर खोली १८५ युरो, मेस्त्रेला १०५. दिवसाचे ८० युरो वाचले म्हणून मी गाडीत सौ.ला दोनदा ऐकवले.

जाहिरात खोटी नव्हती. मेस्त्रे ते व्हेनिस आगगाडी दहा-बारा मिनिटांतच नेते. पण हॉटेलपासून स्टेशन आत्याच्या चालीने वीस मिनिटे. गाडीची वाट पाहणे. पलीकडे सान्ता लुचिया स्टेशनात उतरलो की समोर लखलखता मोठा कालवा, आणि सान मार्को चौक अजून लांबच. चालत जायचे तर पूल, आणि व्हेनिसमध्ये पूल चारशेहून अधिक, प्रत्येकाला पायऱ्या. बोटीने जायचे तर एक नंबरची बोट प्रत्येक थांब्याला नमस्कार करीत पाऊण तासाने पोचवते. बोटीचे एक तिकीट साडेनऊ युरो, चोवीस तासांचा पास पंचवीस. तिघांचे झाले पंचाहत्तर. वाचवलेल्या ऐंशीतून उरले पाच, त्यात एक लिंबू सरबत आले.

हॉटेलातून निघालो आठला, चौकात पोचलो दहाला. आमच्याबरोबर जगही पोचले. व्हेनिसला दिवसापुरते येणारे एवढे झाले की २५ एप्रिल २०२४ पासून, गर्दीच्या ठरावीक दिवशी, नगरपालिकेने त्यांच्यावर माणशी ५ युरोंचा प्रवेशकर बसवला. पहिल्या वर्षी असे दिवस २९ होते. २०२५ मध्ये ५४ झाले आणि आयत्या वेळी येणाऱ्याला कर १० युरो. रात्री मुक्कामाला असणाऱ्याला तो माफ; मेस्त्रेत राहिलात तरी माफ, फक्त नोंद करावी लागते. त्याच २०२४ साली पंचवीसहून मोठ्या टोळ्यांना आणि मार्गदर्शकांच्या भोंग्यांनाही बंदी झाली. एवढे करूनही बारा वाजता तो चौक म्हणजे दादरचा पूल होता. बसायला बाक नाही, पायऱ्यांवर बसू देत नाहीत, आणि वामकुक्षीला जायचे तर एका बाजूने दोन तास. आम्ही आत्याला एका चर्चमध्ये बसवले. तिने तिथे डोळे मिटले ते प्रार्थनेसाठी नव्हेत हे तिथल्या रखवालदारालाही समजले असावे.

संध्याकाळी सहाला लोंढा उलटा फिरला, स्टेशनाकडे. आम्हीही त्यातच. मागे वळून पाहिले तर कालव्यावर उजेड सोनेरी होऊ लागला होता.

आगगाडीत आत्या म्हणाली, "बाळ, माझ्याजवळ थोडे पैसे आहेत. उद्या मला त्या बाजूला झोपायचंय."

"आत्या, इथले पैसे भरलेत आपण."

"भरले तर भरले. लग्नाला जाऊन मांडवाबाहेर किती वेळ उभी राहू?"

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. मेस्त्रेची दुसरी रात्र बुडाली. रात्री शोधाशोध करून बेटाच्या पूर्व टोकाला, कास्तेल्लो भागात, व्हिया गारिबाल्दी या रस्त्याजवळ आठ-दहा खोल्यांचे एक जुने हॉटेल मिळवले. या वेळी मी खोलीचे फोटो पाहिलेच नाहीत. फोन करून तीन प्रश्न विचारले: बोटीच्या थांब्यापासून दारापर्यंत पूल किती? दारापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती? खोलीत थंड हवेचे यंत्र चालते ना? बाईने उत्तरे दिली: एक, अकरा, चालते. घराचा नंबर घेतला, आणि कसे यायचे तेही लिहून घेतले, कारण व्हेनिसमध्ये नंबर रस्त्याला नसतो, सबंध पेठेला असतो. पेठा सहा, एकट्या कास्तेल्लोचे नंबर सहा हजारांच्या वर जातात. रस्त्याचे नाव नसेल तर पोस्टमनशिवाय कुणाला पत्ता लागायचा नाही.

व्हिया गारिबाल्दी हा कालवा बुजवून केलेला रुंद रस्ता. व्हेनिसमध्ये रुंद रस्ता म्हणजे अपूर्वाईच! टोकाला कालव्यात एक होडी उभी असते, तिच्यावर भाजीचे दुकान. दोन चाकांची पिशवी ओढीत आजीबाई येतात, टोमॅटो दाबून पाहतात, भाव ऐकून तोंड वाकडे करतात. आत्याला तिथे पाहावे! भाषा एकीची दुसरीला येत नसताना तिने एका आजीबाईंशी काकड्यांविषयी मतभेद केला. जवळच नेपोलियनच्या काळातली बाग आहे, मोठी झाडे, झाडांखाली बाक. दुपारी आम्ही खोलीवर येऊन दोन तास झोपलो. संध्याकाळी रस्त्यात मुले चेंडू खेळत होती, वरून आया हाका मारीत होत्या. डास मात्र होते, तेही सांगायला हवे. ओहोटीला कालव्याचा वासही येतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्याने आम्हाला साडेपाचला उठवले. पाण्याकाठाने, वाटेतल्या पुलांवर थांबत थांबत, आम्ही सान मार्कोला पोचलो तेव्हा साडेसहा वाजले होते. चौकात सात माणसे होती. मी मोजली. सामानाच्या होड्या लागत होत्या, कुणी पाण्याची खोकी उतरवीत होते, कुणी हॉटेलांच्या चादरींचे गठ्ठे. आत्या चौकाच्या मधोमध एकटी उभी राहिली आणि कितीतरी वेळ तिथून हलली नाही. काय पाहतेस, असे मी विचारले नाही.

निघण्यापूर्वी काउंटरवरच्या बाईंशी गप्पा झाल्या. पन्नाशीच्या, हसऱ्या. चादरींची व्यवस्था त्याच बघत, न्याहारीही त्याच मांडत.

"किती छान जागी राहता तुम्ही!" सौ. म्हणाली.

"मी इथं राहत नाही," त्या म्हणाल्या. "जन्म या गल्लीच्या त्या टोकाचा. घर भाड्याचं होतं. मालकानं ते प्रवाशांना द्यायला काढलं. आता मेस्त्रेला राहते. सकाळी साडेपाचची गाडी धरते."

म्हणजे आदल्या दिवशी आम्ही त्यांच्या गावात झोपून इकडे आलो होतो, आणि त्या आमच्यासाठी न्याहारी मांडायला तिथूनच येत होत्या.

हे त्यांच्या एकट्यांचे नव्हे. १९५१ साली व्हेनिसच्या जुन्या शहरात सुमारे १,७५,००० माणसे राहत होती. २०२२ साली आकडा ५०,००० च्या खाली आला. रियाल्तो पुलाजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत उरलेल्या रहिवाशांचा आकडा २००८ पासून दिव्यांनी झळकत असतो. २०२३ मध्ये पाहुण्यांच्या खाटा रहिवाशांहून जास्त झाल्या. कारणे पुष्कळ आहेत, पुराचे पाणी, महागाई, नोकऱ्या. सगळे खापर प्रवाशांवर फोडता येणार नाही. पण खाटांचे खापर आमचेच.

बोटीत आत्या बराच वेळ गप्प होती. तिचे सासर पंढरपूरचे. मग म्हणाली, "आषाढीला आमच्या घरात साठ-सत्तर माणूस असायचं. माडी, ओटी, पडवी, सगळं त्यांना. आम्ही घरचे स्वयंपाकघरात आडवे व्हायचो. फुकट नव्हे हं, दक्षिणा मिळायची, मुलांच्या फिया त्यातनंच निघायच्या. पण पौर्णिमेला काला झाला की माणसं निघाली, घर सारवलं, की घर परत आमचं." थोडे थांबून म्हणाली, "इथं एकादशी संपतच नाही रे."

मी तेव्हापासून सबंध बिऱ्हाड भाड्याने घेत नाही. मठ, जुने लहान हॉटेल, नाहीतर मालक स्वतः राहतो त्या घरातली एखादी खोली. इटलीत १ जानेवारी २०२५ पासून प्रवाशांना दिलेल्या प्रत्येक बिऱ्हाडाला सरकारी नोंदणीचा क्रमांक लागतो, तो जाहिरातीत आणि दारावर दाखवावा लागतो. नसेल तर जाऊ नये. पासपोर्ट मागितला तर रागावू नये. पाहुण्यांची नावे पोलिसांना कळवणे मालकाला बंधनकारक आहे. रात्रीचा माणशी मुक्कामकर बहुतेक ठिकाणी भाड्याच्या वर, निघताना हातात द्यावा लागतो. त्याला फसवणूक समजून हुज्जत घालू नये. आणि न्हाणीघरात पाणी असेल का, ही जी आपल्या लोकांची मनातली खरी चिंता, तिच्यावर उतारा असा की १९७५ च्या एका सरकारी नियमाने इटलीत घरटी एका न्हाणीघरात पाण्याने धुण्याचे ते बसके चिनी मातीचे पात्र सक्तीचे केलेले आहे. युरोपात एवढी समजूत दाखवणारे सरकार विरळाच.

परत आल्यावर आमच्या सोसायटीत आत्याची गणना जाणकारांत होऊ लागली. गेल्या महिन्यात वरच्या मजल्यावरचे जोडपे विचारायला आले. पुढच्या उन्हाळ्यात आईवडिलांना घेऊन चौघे इटलीला जायचे म्हणतात. मोबाईलवर वीसेक खोल्या खुणा करून आणल्या होत्या. सगळ्यांत घुमट, सगळ्यांत राजहंस.

"आत्या, यातली कुठली घेऊ?"

आत्याने मोबाईल हातातही घेतला नाही. "तुझ्या आईला पायऱ्या किती चढवतात?" तिने विचारले. "आणि वडील दुपारी झोपतात का?"